कुंभकोणमचे राजा सर टी. माधवराव

कावेरीच्या मुखाजवळील भातखाचरांच्या मुलखात मराठी घरे कशी, असा प्रश्न महाराष्ट्रातील प्रवाशाला पडतो. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात शहाजीराजांचे पुत्र व्यंकोजी तंजावरच्या गादीवर बसले आणि लेखणी व जमाखर्च जाणणारी देशस्थ कुटुंबे कुंभकोणमच्या परिसरात स्थिरावली. 1799 मध्ये सरफोजीराजांना आपला मुलूख कंपनी सरकारच्या हवाली करावा लागला. राज्य गेले, तरी कारभाराची विद्या उरली आणि ती परमुलखात चाकरी शोधू लागली.

अशाच एका घराण्यात 1828 साली माधवरावांचा जन्म झाला. त्यांचे वडील व चुलते या दोघांनीही त्रावणकोरची दिवाणगिरी केली होती. मद्रासेस पॉवेलसाहेबांपाशी शिकून माधवराव 1849 मध्ये त्रावणकोरच्या राजपुत्रांचे शिक्षक झाले आणि 1858 मध्ये तेथील दिवाण. त्या वेळी खजिना रिता होता, नोकरांचे पगार थकलेले होते. त्यांनी मिऱ्याचा व पुढे तंबाखूचा सरकारी मक्ता मोडला. 1865 च्या जाहीरनाम्याने सरकारी जमिनीच्या कुळांना मालकी हक्क मिळाले. मात्र नाडार स्त्रियांनी वरचे अंग झाकण्याचा प्रश्न उभा राहिला, तेव्हा 1859 ची परवानगी आली ती उच्चवर्णीय स्त्रियांसारखे वस्त्र नेसू नये या अटीसह. सुधारणा करावी, पण जुन्यांचा रोष ओढवू नये, ही त्या कारभाराची चाल येथे उघडी पडते.

1875 मध्ये इंग्रजांनी मल्हारराव गायकवाडांना पदच्युत केले आणि बडोद्याची घडी बसविण्यास माधवरावांना नेमले. गादीवर होता नाशिक जिल्ह्यातील कवळाणे गावचा, दत्तक आलेला एक मुलगा. त्या सयाजीरावांना राज्याधिकार मिळण्याच्या सुमारास, 1881 मध्ये, माधवरावांनी जी व्याख्याने दिली ती ‘मायनर हिंट्स’ या नावाने ग्रंथरूपात आली. प्रजेचे सुख हेच राज्याचे प्रयोजन, राजवाड्याच्या खर्चालाही मर्यादा हवी, असे एका नोकराने धन्याला इतक्या स्पष्टपणे सांगावे, हे त्या काळी लहान धैर्य नव्हे. पण इंग्रज सरकारशी तंटा टाळावा, हा उपदेशही त्याच पानांत आहे. 1887 च्या मद्रास काँग्रेसचे स्वागताध्यक्ष म्हणून बोलतानाही त्यांनी ही सभा म्हणजे ब्रिटिश कारभाराचेच भूषण होय, असे म्हटले. पुढच्या पिढीला हे शब्द मवाळ वाटले असतील. त्यांना स्वतःला ते खरे वाटत होते.

1891 मध्ये माधवराव वारले. दोन वर्षांनी सयाजीरावांनी अमरेली भागात सक्तीचे प्राथमिक शिक्षण सुरू केले, 1906 मध्ये ते राज्यभर नेले. आणि 1911 च्या दिल्ली दरबारात बादशहांना एकदाच लवून, प्रघाताप्रमाणे मागे न सरकता, पाठ फिरवून ते चालते झाले.