चौथी नळी

वरच्या जबड्यातली पहिली कायमची दाढ मूल सहा वर्षांचं झालं की येते. तिच्यासाठी दुधाचा एकही दात पडत नाही. दुधाच्या दाढांच्या मागे ती गुपचूप उगवते, म्हणून आईवडील हमखास म्हणतात, "दुधाचीच आहे, पडेल." ती पडत नाही, जन्मभर पुरवायची असते. तिला मुळं तीन: दोन गालाकडे, एक टाळूकडे. बीडीएसच्या पहिल्या वर्षी मेणाच्या ठोकळ्यातून आम्ही ती कोरायचो, तेव्हाच डोक्यात बसलं की मुळं तीन, म्हणजे नसेच्या नळ्याही तीन. पेशंटसुद्धा रूट कॅनालआधी विचारतात, "तीनच नसा ना, डॉक्टर?"

बहुतेक वेळा चार असतात. ही चौथी नळी गालाकडच्या पुढच्या मुळात पहिलीच्या शेजारी, टाळूच्या बाजूला जेमतेम दोन मिलिमीटरवर दडलेली असते. दवाखान्यात तिला 'एमबी-टू' म्हणतात. अनेकांना ती नव्या यंत्रांनी शोधलेली वाटते, पण तिची नोंद शंभर वर्षं जुनी आहे.

त्या नोंदीसाठी झुरिकला जावं लागतं. वॉल्टर हेस यांनी तिथे काढलेल्या दातांच्या पोकळीत रबर दाबून भरलं आणि तापवून कडक केलं. हे व्हल्कनाइट, म्हणजे ज्याच्या तेव्हा कवळ्या बनत तेच. मग दात आम्लात टाकायचा. दात विरघळून जाई आणि हातात उरे त्याच्या आतल्या पोकळीचा ठसा. सरळ नळी समजावी तिथे मध्येच दुभंगलेल्या वाटा, पुन्हा एकत्र आलेल्या वाटा, दोन वाटांना जोडणारे केसासारखे आडवे धागे, टोकाशी फुटलेले फाटे. हेस यांचं पुस्तक १९२५ साली इंग्रजीत आलं. वरच्या पहिल्या दाढांपैकी निम्म्याच्या आसपास दाढांत चार नळ्या असल्याचं त्यात होतं. ते ठसे पाहिल्यावरही दाढ साफ करताना तीनवर थांबणं चालूच राहिलं, याचं मला आजही वाईट वाटतं. आत राहिलेल्या नळीत जंतू राहतात आणि भरलेली दाढ काही वर्षांनी पुन्हा ठणकू लागते.

१९६९ मध्ये फ्रँकलिन वाइन आणि सहकाऱ्यांनी २०८ दाढांचं गालाकडचं पुढचं मूळ कापून पाहिलं. ५१.५ टक्क्यांत दुसरी नळी निघाली. १९८४ मध्ये फ्रँक व्हर्टुची यांनी २,४०० दात पारदर्शक केले, आतल्या वाटा रंगवल्या आणि त्यांचे आठ प्रकार पाडले. ती विभागणी आजही शिकवली जाते.

मुळात ही नळी होते कशी? ते मूळ गोल नसतं. पुढून-मागून चपटं आणि गालाकडून टाळूकडे रुंद असतं. सात-आठ वर्षांच्या मुलाच्या दाढेत तिथे एकच पसरट पट्टी असते, चपट्या फितीसारखी. मग दोन्ही भिंतींवर आतून डेंटिनचे, म्हणजे दाताच्या आतल्या कठीण भागाचे, थर चढत जातात. फितीचा मधला भाग आवळत जातो, कित्येकदा पार मिटतो, आणि दोन टोकांना दोन नळ्या उरतात. थर चढणं आयुष्यभर चालू राहतं, त्यामुळे वयाबरोबर दुसरीचं तोंड बारीक होत जातं आणि डेंटिनच्या एका कडेखाली झाकलं जातं. जी दाढ जितकी वापरून जुनी, तिची चौथी वाट तितकी लपलेली.

या साऱ्या कुळकथेत मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते जॉन स्ट्रॉपको यांचं १९९९ सालचं काम. आठ वर्षांत स्वतः उपचार केलेल्या १,७३२ वरच्या दाढांचा त्यांनी हिशेब मांडला. पहिल्या दाढांत ही नळी एकूण ७३.२ टक्के वेळा सापडली होती. पण सूक्ष्मदर्शक नेहमी वापरायला लागल्यावर, योग्य अवजारं हाताशी आल्यावर आणि प्रत्येक पेशंटसाठी पुरेसा वेळ राखून ठेवायला सुरुवात केल्यावर हाच आकडा ९३ वर गेला. दाढा तशाच होत्या. बाहेर दहाजण ताटकळत असले की तो पुरेसा वेळ काढणं किती अवघड जातं, हे दवाखाना चालवणाऱ्या कुणालाही कळेल.

तरी तो काढावाच लागतो. अल्ट्रासॉनिक टोकाने डेंटिनची कड हळूच खरवडायची. तळ गडद करड्या रंगाचा दिसू लागतो आणि त्यावर पहिल्या नळीकडून टाळूच्या दिशेने जाणारी एक बारीक रेघ. मग नस विरघळवणाऱ्या हायपोक्लोराइटचे थेंब सोडून भिंगातून नुसतं बघत राहायचं. आत नस शिल्लक असेल तर रेघेवर एका जागी बुडबुडे येतात, एकामागून एक, त्याच बिंदूतून. तिथे आठ नंबरची फाइल, म्हणजे नळी साफ करायची बारीक सुई, टेकवायची. तिचं टोक ०.०८ मिलिमीटरचं. बोटात किंचित पीळ दिला की ती आत शिरते आणि ओढली तर सहज सुटत नाही.