यकृत फोडणाऱ्या बोटांचं कूळ

यकृताच्या शस्त्रक्रियेत ‘क्युसा’ नावाचं यंत्र वापरतात. हातात जाड पेनासारखी मूठ, टोकाला सेकंदाला सुमारे 23,000 वेळा थरथरणारी पोकळ नळी. ती टेकते तिथला यकृताचा मऊ गर फुटून पाण्याबरोबर शोषला जातो. चिवट रक्तवाहिन्या आणि पित्तनलिका मात्र शाबूत उघड्या पडतात. मग त्या एकेक करून बांधायच्या नि कापायच्या.

यंत्र आलं दातांच्या दवाखान्यातून. न्यूयॉर्कचे नेत्रतज्ज्ञ चार्ल्स केलमन दात साफ करून घ्यायला गेले होते. किटण काढणारं अल्ट्रासॉनिक यंत्र त्यांनी तिथे पाहिलं आणि 1967 मध्ये त्याच तत्त्वावर मोतीबिंदू फोडून शोषून घेतला. आपल्याकडे घरोघरी माहीत असलेलं ‘फेको’ ते हेच. पुढे मेंदूच्या गाठी, मग 1980च्या दशकात यकृत.

हे झालं यंत्राचं. पण ‘गर फोडा, नळ्या राखा’ ही युक्ती कोणाची? माझ्या मते हनोईची, आणि तिच्या मुळाशी आहेत जंत!

1930च्या दशकात, फ्रेंच अमदानीत, तोन थात तुंग हे तरुण डॉक्टर हनोईत शवविच्छेदनं करत. एका यकृतातल्या पित्तनलिका जंतांनी भरलेल्या दिसल्या. एरवी गरात हरवणाऱ्या वाटा ठसठशीत झालेल्या. त्यांनी गर काढून त्या मोकळ्या केल्या आणि पुढे दोनशेहून अधिक यकृतं तशीच सोलली. 1939 मध्ये शल्यविशारद मेयर-मे यांच्याबरोबर त्यांनी कर्करोगासाठी यकृताचा डावा भाग या वाटांच्या हिशेबाने काढला. पॅरिसमध्ये त्याचं स्वागत थंडच झालं. या वाटांनुसार पडणारे यकृताचे आठ भाग जगाला पाठ झाले ते पुढे फ्रान्सच्या क्विनो यांच्यामुळे.

मग तुंग यांनी जिवंत यकृतावरही तेच केलं. शल्यविशारद प्रिंगल यांनी 1908 मध्ये दाखवल्याप्रमाणे यकृतात येणारं रक्त दाबून धरायचं, बोटांनी गर चिरडायचा, बोटाला लागेल ती नळी बांधायची. 1963 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये ही पद्धत छापून आली.

तैवानच्या लिन तिएन-यू यांचे समर्थक इथे हरकत घेतात, आणि ती रास्त आहे: बोटांनी यकृत फोडण्याची लिन यांची पद्धत 1958 मध्येच छापली गेली होती. तारखेत लिन पुढे, मान्य. पण बोटांना नुसता जोर असून भागत नाही, पुढे कोणती नळी येणार हे ठाऊक असावं लागतं, आणि ते ज्ञान तुंग यांनी दोन दशकं आधी कमावलं होतं. क्युसा यकृतावर आणणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे हीच बोटं असावीत, असा माझा अंदाज आहे.

झुरिकमध्ये 100 रुग्णांवर यकृत कापण्याच्या चार पद्धतींची तुलना झाली, 2005 मध्ये ती प्रसिद्ध झाली. क्युसा त्यात होतंच. पण रक्ताचा प्रवाह रोखून साध्या चिमट्याने गर चिरडण्याची पद्धत सर्वांत जलद, सर्वांत स्वस्त आणि कमी रक्तस्रावाची ठरली. आणि चिमटा म्हणजे तुंग-लिन यांच्या बोटांचाच थेट वारस.