कोचच्या खोलीतील निबंध

'कोचिंग क्लास' हा शब्द आपल्याकडे शाळेइतकाच परिचयाचा आहे. मुळात कोच म्हणजे घोडागाडी. हंगेरीतील कोच या गावी बनणाऱ्या गाड्यांवरून हे नाव युरोपभर पसरले. १८३०च्या सुमारास इंग्लंडमधील विद्यार्थी, परीक्षेच्या मुक्कामी सुखरूप पोहोचवणाऱ्या खासगी शिक्षकाला थट्टेने 'कोच' म्हणू लागले. खेळातले कोच त्यानंतरचे.

केंब्रिजच्या ट्रायपॉस या गणिताच्या परीक्षेत पहिल्या वर्गात येणाऱ्यांना 'रँग्लर' आणि त्यांतील पहिल्याला 'सीनियर रँग्लर' म्हणत. १८९९ साली हा मान विभागून मिळवणारे र. पु. परांजपे आपल्याकडे 'रँग्लर परांजपे' म्हणूनच ओळखले गेले. १९०९नंतर ही गुणानुक्रम यादी बंद झाली.

या परीक्षेचे नामवंत कोच म्हणजे विल्यम हॉपकिन्स. ते विवाहित असल्यामुळे त्या काळच्या नियमांनुसार त्यांना कॉलेजचे फेलो होता येईना. म्हणून त्यांनी खासगी शिकवणी पत्करली. स्टोक्स, केली, विल्यम थॉमसन (पुढे लॉर्ड केल्व्हिन) आणि मॅक्सवेल हे त्यांचे विद्यार्थी.

आता एक घटना पाहू. नॉटिंगहॅमचा पिठाची गिरणी चालवणारा जॉर्ज ग्रीन याने १८२८ साली विद्युत आणि चुंबकत्वावर एक निबंध छापला. आज आपण वर्गात शिकवतो ते 'विभव' हे नाव त्यात गणिती फलनाला दिलेले होते. निबंध वर्गणीदारांच्या बळावर निघाला. मोजक्या प्रती खपल्या आणि तो विस्मृतीत गेला. १८४१ साली ग्रीन वारला.

थॉमसनला एका लेखात या निबंधाचा उल्लेख आढळला. पुस्तकांच्या दुकानांत शोधूनही प्रत मिळेना. जानेवारी १८४५मध्ये पॅरिसला निघण्याच्या आदल्या दिवशी त्याने हॉपकिन्सजवळ सहज विषय काढला. त्यांच्याकडे प्रती होत्याच! त्यांनी त्या लगेच दिल्या. पॅरिसला ल्यूव्हिल आणि स्टुर्म यांनी तो निबंध उत्सुकतेने वाचला. १८५० ते १८५४ या काळात थॉमसनने तो जर्मनीतील क्रेले यांच्या नियतकालिकातून पुन्हा छापवून घेतला. मग ग्रीनचे काम युरोपभर पोहोचले.

निबंध कोचच्या खोलीत होता आणि त्याची गरज असलेला विद्यार्थी त्याच खोलीत शिकत होता. तरी दोघांची गाठ पडली ती शिकवणी संपल्यावर. परीक्षेच्या तयारीत त्या निबंधाला जागा नव्हती, हे उघड आहे.

पुढील पिढीतील कोच एडवर्ड राऊथ यांनी वेगळी व्यवस्था लावली. सारख्या तयारीच्या दहाएक विद्यार्थ्यांचे गट, दर आठवड्याला उदाहरणांचा कागद आणि शेजारच्या खोलीत सर्वांना उतरवून घेता येतील अशी हस्तलिखित टिपणे. शिवाय त्यांनी १८६० साली दृढ वस्तूंच्या गतिकीवर ग्रंथ छापला. कोचची शिदोरी त्याच्या खोलीबाहेर पडली आणि केंब्रिज न पाहिलेल्यांनाही ती मिळाली.

आज जगभरचे प्रशिक्षक आणि शिक्षक संगणकाच्या जाळ्यावरून प्रश्नसंच, टिपणे, प्रयोगांच्या कृती एकमेकांना देऊ शकतात. नक्कल करण्याचा खर्च जवळजवळ उरलेला नाही. पण थॉमसनने विचारले नसते, तर हॉपकिन्स यांच्याकडील प्रती तशाच राहिल्या असत्या. आपल्याही शाळेच्या कपाटात एखाद्या सहकाऱ्याने तयार केलेली उत्तम उदाहरणे असतील. ती कोणाच्या उपयोगाची आहेत हे शिक्षकांच्या पुढच्या बैठकीत विचारून पाहावे.