पाटी पुन्हा मांडीवर

गेल्या दिवाळीच्या आधी माळा झाडताना पत्र्याच्या ट्रंकेत माझी लहानपणची दगडी पाटी सापडली. लाकडी चौकटीचा एक कोपरा निखळलेला, मागे खिळ्याने कोरलेले माझे नाव. खाली धाकटी टॅबलेटवर रांगोळीचे ठिपके काढीत बसली होती. मी पाटी तिच्यापुढे ठेवली. तिने दोन्हींकडे आळीपाळीने पाहिले आणि म्हणाली, "बाबा, हापण टॅबलेटच आहे की! नुसती बॅटरी संपलीय."

पोरीने थट्टा केली. पण मी पडलो शाळामास्तर, आणि त्यात कादंबरीकार. थट्टेचासुद्धा धडा केल्यावाचून राहवत नाही. विचार करू लागलो तेव्हा ध्यानात आले, की पोर खरे तेच बोलली होती. 'टॅबलेट' हा शब्दच मुळी लॅटिन 'टॅब्युला'च्या कुळातला, आणि टॅब्युला म्हणजे फळी.

सुमारे पाच हजार वर्षांपूर्वी मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकच्या भूमीत, माणसाने ओल्या मातीच्या तळहाताएवढ्या पाट्या केल्या आणि आपल्या बोरूसारख्या काडीने त्यांवर खुणा उमटवल्या. पहिल्याने त्याने काव्य लिहिले असेल, अशी माझ्यासारख्याची भाबडी समजूत. पण नाही! जव किती आले, मेंढ्या किती गेल्या, मजुरांना धान्य किती वाटले, असले हिशेब त्यांवर आहेत. पाटी जन्मली ती रोजच्या व्यवहारासाठी. पुढे रोमन लोक लाकडी फळीवर मेण पसरून लिहीत. त्यांच्या लेखणीचे एक टोक लिहायला अणकुचीदार, तर दुसरे पुसायला चपटे. हिंदुस्थानातली शाळकरी मुले काळ्या पाट्यांवर पांढऱ्या वस्तूने लिहितात, हे अल्बेरूनीने 1030 च्या सुमारास नोंदवून ठेवले आहे. आणि आपल्या पंतोजींच्या शाळेत तर धूळपाटी होती. फळीवर धूळ पसरायची, अक्षर गिरवायचे, फळी हलवली की पुन्हा कोरी. लिहावे, पुसावे, पुन्हा लिहावे, आणि तेही मांडीवर घेऊन, हा पाटीचा धर्म.

संगणकाने हा धर्म मोडला. त्याच्या कळा टाइपरायटरच्या घराण्यातल्या. त्यामुळे तो घरात आला तो कचेरीचा रुबाब घेऊनच. त्याच्यापाशी आपण जायचे, खुर्ची ओढायची, ताठ बसायचे. आमच्याकडे तो आला तेव्हा आईने त्याला जुन्या लुगड्याचे झाकण शिवले. ती रोज त्याच्यावरची धूळ पुसी, दसऱ्याला हळदकुंकू वाही. पण इतक्या वर्षांत तिने त्याच्या एकाही कळीला बोट लावले नाही. चौथीपर्यंत शिकलेल्या बाईला तो आपल्यासाठी आहे असे कधी वाटलेच नाही.

गंमत अशी, की संगणकाची पाटी करावी हा विचार एका माणसाला फार आधी सुचला होता, आणि तोही मुलांसाठी. अमेरिकेतल्या अ‍ॅलन के याने 1972 साली 'डायनाबुक' नावाची कल्पना मांडली. वहीएवढे, दोन किलोंहून हलके यंत्र, ज्यावर मुलाने वाचावे, लिहावे, चित्र काढावे, स्वतः काही घडवावे. पण तसे यंत्र तेव्हा बनणे शक्य नव्हते. 1993 साली अ‍ॅपल कंपनीचे 'न्यूटन' निघाले. ते हस्ताक्षर वाचू पाही, पण इतके चुकीचे वाची की लोकांना हसायला विषय झाला. 2002 साली मायक्रोसॉफ्टने टॅबलेट आणले; परंतु तो कचेरीतलाच संगणक आडवा केलेला, हाती लेखणी दिलेला. अखेर 27 जानेवारी 2010 रोजी स्टीव्ह जॉब्झ रंगमंचावर चक्क आरामखुर्चीत बसला आणि आयपॅड मांडीवर घेऊन लोकांना दाखवू लागला. वजन पाऊण किलोच्या आत, बॅटरी दहा तासांची, आणि लेखणी कोणती? आपले बोट! आमच्या धूळपाटीला हे ऐकून हसू आले असते. पुढल्याच वर्षी, 5 ऑक्टोबर 2011 रोजी, दिल्लीत विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातला 'आकाश' निघाला. हेतू थोर होता; पण त्याचा पडदा बोटाने दाबावा लागे आणि यंत्र मंद चाले. तो प्रयोग तडीस गेला नाही.

आज माझी बहुतेक कामे या पाटीवर होतात. विजेचे बिल, एसटीचे आरक्षण, गावाकडचा सातबारा, सकाळचे वर्तमानपत्र. निकालाचे लांबलचक तक्ते आणि कादंबरीची प्रकरणे यांसाठी मात्र अजून लुगड्याचे झाकण काढावे लागते. कळांवाचून लांब लिहिणे मला साधत नाही, हे कबूल केलेले बरे.

त्या संध्याकाळी आई फराळाच्या सामानाची यादी करायला कागद शोधीत होती. नातीने टॅबलेट तिच्या मांडीवर ठेवला आणि म्हणाली, "आजी, बोटाने लिही." आईने भीतभीत वर 'श्री' काढला. पडद्यावर छापील 'श्री' उमटला. तिने माझ्याकडे पाहिले. "अरे, याला माझे अक्षर लागते!" मग रवा, गूळ, खसखस, भाजणी, सारी यादी तिने लिहिली. 'भाजणी'चे यंत्राने 'भाजी' केले, तेव्हा तिने ते पंतोजीच्या थाटात पुसून पुन्हा लिहिले.

पाच हजार वर्षांपूर्वीच्या पाटीवरही जव-धान्याचीच यादी होती!

एक काळजी मात्र माझ्यातला मास्तर सोडीत नाही. माझ्या वर्गातली कित्येक मुले या पाटीवर तासन् तास नुसती पाहत राहतात. पाटी पाहण्यासाठी कधीच नव्हती. ज्याचे बोट तिच्यावर चालते, पाटी त्याची. या दिवाळीत घरात टॅबलेट आलाच, तर वाचकहो, तो एकदा घरातल्या वडीलधाऱ्यांच्या मांडीवर ठेवून पाहा. लिहायचे काय, ते त्या सांगतील.

माझी दगडी पाटी मी चौकट ठोकून भिंतीला लावली आहे. तिच्यावर आईने 'श्री' काढून ठेवला आहे. तो पुसण्याची आमच्या घरात कुणाची छाती नाही.