माहेरची पहिली मोटार

आमचे चार वर्षांचे चिरंजीव मे महिन्यात मोटारीत बसले की पहिल्याच फाट्याला विचारतात, "आलं का आजीचं घर?" मग मला बर्था बेंझबाई आठवतात. मोटारीचा जगातला पहिला लांबचा प्रवास म्हणजे माहेरपणच! १८८८च्या ऑगस्टात, उन्हाळी सुट्टीत, नवऱ्याला न सांगता, पंधरा आणि तेरा वर्षांच्या मुलांना घेऊन बाई त्याच्याच तीनचाकीतून मानहाइमहून फोर्त्सहाइमला निघाल्या. अंतर शंभरेक किलोमीटर. इंधन औषधाच्या दुकानातून घेतलं, तुंबलेली नळी टोपीच्या पिनेनं मोकळी केली, चढावर पोरांनी गाडी ढकलली. हौस नव्हे हो. मोटारीला गिऱ्हाईक मिळेना आणि बाईंच्या हुंड्याचा पैसा धंद्यात कधीच जिरलेला! संध्याकाळी नवऱ्याला पोचल्याची तार गेली.

आमची ही म्हणते, "नवरा बरोबर नव्हता, म्हणूनच पोचली!"