घर बांधणे : लाकूड कुणाचे, आराखडा कुणाचा?

मराठीत घर ‘बांधतात’. गाठोडे बांधतात, गाय बांधतात, मोळी बांधतात, तसेच घरही. एकाच क्रियापदाच्या अर्थच्छटा शिकवताना वर्गात हे उदाहरण मी अनेक वर्षे देत आले आहे. ते केवळ भाषेचे उदाहरण नाही, हे मात्र चंद्रपुरातले आमचे जुने घर उतरवताना ध्यानी आले. कवेलू काढून झाले आणि मजुरांनी मागच्या सपरीचे छप्पर मोकळे करायला घेतले, तेव्हा त्या भागात एकही खिळा निघाला नाही. बांबू आणि कामट्या वेलीच्या सालीच्या दोराने जखडलेल्या होत्या. ती सपरी शब्दशः बांधलेली होती.

नव्या घराचा नकाशा तोवर मंजूर झाला होता. स्लॅब, कॉलम, ग्रॅनाइटचा ओटा, वर चिमणी. स्वयंपाकघर आग्नेयेला घ्यावे की उजेडासाठी पूर्वेला, यावर घरात दोन महिने वाद चालला. लाकडाविषयी मात्र चर्चा झालीच नाही. चौकटी कशाच्या हे बाजारभाव सांगणार होता आणि त्याने लोखंड व ॲल्युमिनियम असे उत्तर दिले. ज्या मुलखाच्या सागाची कीर्ती देशभर आहे, त्या मुलखात घराच्या आराखड्यातून लाकूड इतक्या सहजपणे कसे नाहीसे झाले? प्रस्तुत लेख या प्रश्नाचा मागोवा घेण्याचा एक प्रयत्न आहे.

जंगलपट्टीतील जुन्या घराची रचना साधी असली तरी अडाणी नव्हती. साग, बिजा, ऐन यांचे खांब जमिनीत पुरायचे, त्यांवर मयाल आणि आडे चढवायचे, आणि बांबूचे तट्टे उभे करून दोन्ही बाजूंनी मातीशेणाने लिंपून कुड घालायचा. बांधणीला माहुलीच्या वेलीची साल किंवा पळसाच्या मुळांचा दोर. भिंत भार घेत नसे, भार खांब घेत. त्यामुळे पावसाने कुड खचला तरी छप्पर उभे राही आणि पुढल्या उन्हाळ्यात कुड नव्याने घालता येई. या घराचा आराखडा कागदावर नसे. कोणते झाड केव्हा तोडायचे, किती खण घ्यायचे, चूल कुठे मांडायची, हे घरातली आणि गावातली जाणती माणसे ठरवीत. घराचे नियोजन खऱ्या अर्थाने जंगलात सुरू होई.

म्हणूनच जंगलाची मालकी बदलली तेव्हा घराचा आराखडाही बदलला. १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाले आणि त्याबरोबर चांदा इंग्रजांकडे गेला. १८६१ मध्ये मध्य प्रांत निर्माण झाला. पुढे १८६५, १८७८ आणि १९२७ च्या वनकायद्यांनी जंगलाचे वर्गीकरण केले आणि राखीव जंगलात पाऊल टाकणे ही परवानगीची बाब झाली. तरीही जमीनदारी आणि मालगुजारीच्या जंगलांत एक जुना शब्द टिकून होता, तो म्हणजे ‘निस्तार’. घरापुरते लाकूड, बांबू, गवत, सरपण घेण्याची गावकऱ्याची वहिवाट म्हणजे निस्तार. विकायला नव्हे, राहायला लागणारे लाकूड. या शब्दात घराची गरज हीच हक्काची मर्यादाही आहे आणि आधारही.

स्वातंत्र्यानंतर मध्य प्रदेश शासनाच्या १९५० च्या कायद्याने जमीनदारी व मालगुजारी संपली आणि ती जंगले सरकारकडे आली. कुळांसाठी हा कायदा मुक्तीचा होता, याविषयी दुमत नाही. जंगलाच्या बाबतीत मात्र मालक गेला आणि खाते आले. निस्तार निस्तारपत्रकात नोंदला गेला आणि वहिवाटीची सवलत झाली. १९५६ मध्ये हा जिल्हा द्विभाषिक मुंबई राज्यात आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात आला. दरम्यान बल्लारपूरला कागदाचा कारखाना उभा राहिला होता आणि जंगलातला बांबू दीर्घ मुदतीच्या करारांनी तिकडे जाऊ लागला. कुडासाठी बांबू मागणारा गावकरी आणि लगद्यासाठी बांबू मागणारा कारखाना हे एकाच दारात उभे होते. त्यांच्या वजनात मात्र फरक होता.

या इतिहासातले सर्वांत बोलके घर कुणा एका कुटुंबाचे नाही. गडचिरोली जिल्हा १९८२ मध्ये चंद्रपुरातून वेगळा झाला. त्याच्या धानोरा तालुक्यात मेंढा हे गोंड वस्तीचे छोटे गाव आहे. शेजारच्या लेखा गावाच्या जोडीने ते मेंढा (लेखा) म्हणून ओळखले जाते. १९८० च्या दशकात येथील लोकांनी गावाचे घोटूल पुन्हा उभारायचे ठरवले. घोटूल म्हणजे तरुणाईचे एकत्र येण्याचे घर. व्हेरिअर एल्विन यांच्या १९४७ मधील बस्तरच्या मुरियांवरील ग्रंथामुळे हा शब्द अभ्यासकांना परिचित झाला आणि त्याभोवती नको तितके कुतूहलही जमा झाले. मेंढ्याच्या लोकांसाठी ते कुतूहल नव्हते, ते गावाचे घर होते. परंपरेप्रमाणे त्याला सागाचे लाकूड लागे. लोकांनी ते जंगलातून आणले आणि घोटूल उभे केले. वनखात्याच्या दृष्टीने ही बेकायदा तोड होती. खात्याने ते घर पाडले आणि लाकूड नेले.

यानंतर घडले ते महत्त्वाचे आहे. आसपासच्या गावांची मोठी सभा भरली आणि केवळ मेंढ्यात नव्हे, तर इतरही अनेक गावांत घोटूल उभारायचे ठरले. एक घर पाडले गेले आणि त्याच्या जागी अनेक उभी राहिली. ‘दिल्ली-मुंबईत आमचे सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही मेंढ्याची घोषणा पुढे महाराष्ट्रभर गाजली. देवाजी तोफा आणि २०२५ मध्ये निवर्तलेले मोहन हिराबाई हिरालाल यांची नावे तिच्याशी जोडली गेली. पण त्या घोषणेमागे घराच्या लाकडाचा रोकडा प्रश्न होता, हे बहुधा विसरले जाते. गावाने अभ्यासगट स्थापला, निर्णय बहुमताने नव्हे तर सर्वसहमतीने घ्यायचे ठरवले आणि जंगल वापराचे नियम स्वतःवरच घालून घेतले. घरगुती गरजेपुरते घ्यायचे, बाहेरच्याला ग्रामसभेच्या संमतीशिवाय घेऊ द्यायचे नाही. ‘निस्तार’ या शब्दातली जुनी मर्यादा आता गावाने स्वतः लिहिली.

२००६ च्या वनहक्क कायद्यानंतर २००९ मध्ये मेंढ्याला सुमारे १,८०० हेक्टर जंगलावरील सामूहिक हक्क मिळाला. बांबूवरचा हक्क प्रत्यक्षात यायला आणखी झगडावे लागले, कारण १९२७ च्या कायद्यात बांबूची गणना ‘झाडा’त होती आणि वाहतूक परवाना खात्याच्या हाती होता. २७ एप्रिल २०११ रोजी तत्कालीन केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश यांनी मेंढ्यात येऊन परवान्यांचे पुस्तक ग्रामसभेच्या स्वाधीन केले. जंगलाबाहेरचा बांबू कायद्याच्या लेखी झाड उरला नाही तो त्याहूनही पुढे, २०१७ च्या अध्यादेशाने. गवताच्या कुळातली वनस्पती नव्वद वर्षे कायद्याने झाड ठरली होती. शब्दाची व्याख्या चुकली की कुणाच्या तरी घराचा कुड अपुरा राहतो, एवढे तरी भाषेच्या विद्यार्थ्याने यातून घ्यावे.

घरासाठी लाकडाइतकीच जमीनही लागते. कुटुंब वाढले, पण गावाच्या चारी बाजूंना वनजमीन, अशी स्थिती या जिल्ह्यांत अनेक गावांची आहे. सप्टेंबर २०२० मध्ये राज्यपालांनी अनुसूचित क्षेत्रासाठी वनहक्क कायद्यात बदल करणारी अधिसूचना काढली आणि लगतच्या वनक्षेत्रात घर बांधण्याची वाट खुली केली. म्हणजे घराच्या जागेचा प्रश्न कायद्याच्या मजकुरात यायला २०२० साल उजाडावे लागले.

दुसरीकडे शासनाने घर द्यायलाही सुरुवात केली होती. १९८५-८६ मध्ये इंदिरा आवास योजना आली, २०१६ मध्ये तिची जागा प्रधानमंत्री आवास योजनेने घेतली. दुर्गम व नक्षलग्रस्त जिल्ह्यांत १ लाख ३० हजार रुपये, किमान २५ चौरस मीटर क्षेत्र, त्यातच स्वयंपाकासाठी स्वच्छ जागा. २०२३ मध्ये सुरू झालेल्या पीएम-जनमन अभियानात माडिया गोंडांसारख्या विशेष दुर्बल जमातींना घरासाठी २ लाख रुपयांची तरतूद झाली. या मदतीला नाक मुरडणे शहरी लेखकाला सोपे असते. ज्याच्या छपरातून चार महिने पाणी ठिबकते, ज्याच्या मातीच्या भिंतीत विंचू आणि साप घर करतात, त्याला पक्क्या भिंतीचे मोल आपण शिकवण्याची गरज नाही. प्रश्न वेगळा आहे. पूर्वी घराचे माप कुटुंब ठरवी, आता अनुदानाचे हप्ते ठरवतात. पायापर्यंत काम झाले की एक हप्ता, पुढच्या टप्प्याला दुसरा. सिमेंट आणि सळई तालुक्याहून येते आणि दुर्गम गावात तिचा वाहतूक खर्चच जड होतो. म्हणून अनेक अंगणांत एक दृश्य दिसते : पुढे गुलाबी रंगाची पक्की खोली, आणि मागे सांदवाडीला लागून कुडाची जुनी झोपडी, जिच्यात चूल पेटलेली असते. पक्क्या खोलीत धान्याची पोती आणि पाहुणे, झोपडीत रांधणे आणि बसणे. आराखड्यात न मावलेले जगणे मागच्या बाजूला चालू राहते.

येथे एक अडचणीची बाब टाळता येणार नाही. गावाने ठरवलेला आराखडा नेहमी न्याय्यच असतो असे नाही. माडिया आणि गोंड गावांत मासिक पाळीच्या दिवसांत बाईला घरात, विशेषतः स्वयंपाकाच्या जागी, प्रवेश नसतो. तिने गावाच्या कडेच्या ‘कुर्माघरा’त राहायचे. हे कुर्माघर बहुधा सर्वांत मोडके, बिनदाराचे, पावसात गळणारे असते. घराच्या आराखड्याचाच तो भाग आहे, फक्त घराबाहेर काढलेला. अलीकडे काही गावांत पलंग, शौचालय, दिवे असलेली नवी कुर्माघरे उभी राहिली आहेत. प्रथा मोडावी की आधी तिच्यातला धोका कमी करावा, यावर कार्यकर्त्यांत मतभेद आहेत आणि ते प्रामाणिक आहेत. मला एवढेच म्हणायचे आहे की लाकडाचा हक्क मिळवणाऱ्या गावाला पुढचा प्रश्न स्वतःलाच विचारावा लागेल : घर ठरवताना त्या सभेत बायका किती बोलल्या? राणी बंग यांच्या ‘गोईण’ या पुस्तकात या भागातल्या स्त्रियांचे झाडांविषयीचे ज्ञान आले आहे. झाडाला मैत्रीण मानणाऱ्या आणि जंगल इतके बारकाईने ओळखणाऱ्या बाईला स्वतःच्या घराच्या नकाशात मत नसावे, हा विरोधाभास डोळ्यांआड करता येत नाही.

विचारून घर बांधण्याचे एक उदाहरण याच जिल्ह्यात आहे. अभय आणि राणी बंग यांच्या ‘सर्च’ संस्थेने शोधग्राम वसवताना आदिवासींनाच विचारले की रुग्णालय कसे असावे. उंच इमारतीची भीती वाटते, नातेवाइकांना सोबत राहता आले पाहिजे, असे उत्तर आले. रुग्णालय आदिवासी वस्तीसारखे, झोपड्यांच्या रचनेचे झाले आणि त्याला माँ दंतेश्वरीचे नाव मिळाले. आराखडा अंतिम करण्यापूर्वी एक प्रश्न विचारला गेला, एवढाच काय तो फरक.

२९ मार्च २०२३ रोजी बल्लारपुरातून अयोध्येच्या मंदिरासाठी सागाचे लाकूड मोठ्या मिरवणुकीने निघाले. चंद्रपुरात रस्ते रांगोळ्यांनी भरले होते. आपल्या मातीतल्या लाकडाचा तो सन्मान होता आणि लोकांचा आनंद खरा होता. मला त्या दिवशी मेंढ्याच्या घोटुलाचे लाकूडही आठवले. तेही याच मुलखातल्या जंगलाचे होते आणि तेही एका श्रद्धेच्या घरासाठीच तोडले होते. ते मात्र जप्त होऊन निघाले होते. जंगल तेच, साग तोच. कुणाच्या घरासाठी, यावर त्याचा प्रवास ठरला.

आमच्या नव्या घराचे काम आता संपत आले आहे. स्वयंपाकघर अखेर पूर्वेला झाले, कारण उजेडाचा मुद्दा सासूबाईंनी लावून धरला आणि वास्तुशास्त्रावर त्यांनीच मात केली. ओट्यापाशी त्यांचा हात पोचतो की नाही, हे त्यांना उभे करून मोजले. जुन्या सपरीचे दोन सागाचे खांब आम्ही विकले नाहीत. ते नव्या मागच्या ओसरीत उभे केले. गवंड्याने ते सिमेंटात घट्ट बसवले आहेत. त्यांच्या माथ्याजवळ सालीच्या दोराचे वळ अजून दिसतात. पुढल्या वर्षी वर्गात ‘बांधणे’ या क्रियापदाशी येईन, तेव्हा विद्यार्थ्यांना आधी हे विचारीन की त्यांच्या घराचे लाकूड कुठून आले आणि ते आणताना कुणाची परवानगी घ्यावी लागली.