जोडे शिवणाऱ्याचा चेहरा

चेहऱ्याच्या ज्ञानतंतूंची विजेने परीक्षा कशी होऊ लागली, हा विषय कामगार चळवळीतल्या माणसाने का घ्यावा, असे काहींना वाटले असेल. या इतिहासाच्या प्रारंभीच एक कामगार बसला आहे, म्हणून आम्ही तो घेतला.

1821 साली चार्ल्स बेलने लंडनच्या रॉयल सोसायटीपुढे मांडले की, चेहऱ्याला स्पर्श कळविणारा तंतू निराळा आणि चेहरा हलविणारा निराळा. पहिल्याला आज पाचवा म्हणतात, दुसऱ्याला सातवा. सातवा लुळा पडला की तोंड वाकडे होते, डोळा मिटत नाही.

पुढचे काम पॅरिसच्या द्युशेनचे. त्याला इस्पितळात अधिकाराची जागा नव्हती. आपली विजेची पेटी घेऊन तो रोग्यांमध्ये हिंडे. कातडीवर ओली टोके टेकवून एकेक स्नायू आखडवायचा आणि छायाचित्र घ्यायचे, ही त्याची रीत. पण शहाण्यासुरत्या माणसाला झटका बसला की त्याचा सगळा चेहरा आपोआप वेडावाकडा होई आणि कोणत्या स्नायूने काय केले ते कळेना. मग त्याला एक दात पडलेला, वाळका म्हातारा सापडला. धंद्याने जोडे शिवणारा. त्याच्या चेहऱ्याची संवेदनाच गेली होती. 1862 च्या ग्रंथात हा चेहरा पानोपानी आहे. 1872 मध्ये डार्विनने त्यातली चित्रे उसनी घेतली. नाव मात्र म्हाताऱ्याचे छापले गेले नाही. त्याला वेदना होत नव्हत्या हे खरे, तरी आम्हांला हे खटकते.

द्युशेनला जी आपोआप होणारी हालचाल नको होती, तिचेच पुढे मोल झाले. कपाळावर टिचकी मारली की पापणी लवते, हे 1896 मध्ये ओव्हरेंडने नोंदविले. 1952 मध्ये स्वीडनच्या कुगेलबर्गने भुवईवर विजेचा झटका देऊन तेच मोजले. निरोप पाचव्याने आत जातो, मेंदूच्या देठातून वळतो आणि सातव्याने बाहेर येतो. पहिली लव त्याच बाजूला, सेकंदाच्या सुमारे शंभराव्या भागात. दुसरी दोन्ही डोळ्यांना, सुमारे तीस सहस्रांशांत. कोणती लव कोठे हरवली यावरून बिघाड कोठे आहे ते कळते. थेट सातव्यावर वीज देऊन होणाऱ्या परीक्षेची घाई मात्र उपयोगाची नाही. सातवा कानामागे तुटला तरी पुढचा तुकडा काही दिवस वीज वाहून नेतो, आणि पहिल्या दिवशीचे यंत्र सारे ठीक असल्याचे सांगते.

गिरणीत एखाद्याने “डोळा मिटत नाही” म्हटले की “सोंग करतो” म्हणणारे जॉबर आणि साहेब आम्ही पाहिले आहेत. शंभराव्या भागातली लव कोणाला मनाने आवरता येत नाही, की आणताही येत नाही. अशा माणसाच्या बाजूने बोलणारा तो एक साक्षीदार आहे.

त्या म्हाताऱ्याच्या भुवईला आजची टोके लावली असती, तर पापणी बहुधा लवलीच नसती. त्याचा सातवा धडधाकट होता, म्हणून तर चित्रे निघाली. आजार पाचव्याचा होता, आणि तोच डॉक्टरांच्या सोयीचा ठरला.